पत्त्यांची चतुःसीमा

घाटावर चिखली-मेहकर आणि घाटाखाली मलकापूर-नांदुरा असा विस्तार असलेल्या एका पतसंस्थेच्या खामगाव येथील मुख्य कार्यालयात संगणकजाळ्याची देखरेख मी करीत असे, त्या काळी सुरक्षा-तपासणीचा मक्ता बाहेरच्या एका मंडळीस दिलेला होता. आणि त्या तपासणीत जे घडले ते, अशा कामाची जबाबदारी ज्यांच्यावर येते त्यांच्या उपयोगी पडावे, या हेतूने येथे नमूद करीत आहे.

परवानगी मुख्य कार्यालयापुरती, म्हणजे १९२.१६८.१०.०/२४ एवढ्याच पत्त्यांची होती. परंतु तपासनीसाने स्कॅनरच्या रकान्यात २४ च्या जागी १६ भरले आणि भर कामकाजाच्या वेळी स्कॅन सुरू केला. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला (IPv4) पत्ता ३२ बिटांचा असतो. तिरप्या रेषेपुढील आकडा जाळ्याच्या वाट्याचे बिट सांगतो व उरलेले यंत्रांच्या वाट्यास येतात. म्हणून २४ लिहिल्यास २५६ पत्ते होतात, तर १६ लिहिल्यास ६५,५३६. आकडा एकाने उतरला की क्षेत्र दुप्पट होते, हे नवख्याच्या ध्यानी सहसा येत नाही, कारण लहान आकड्याचे क्षेत्रही लहानच असावे अशी मनाची स्वाभाविक धारणा असते. त्या वाढीव क्षेत्रात शाखाही आल्यामुळे त्यांच्या मंद लाइनी तुंबल्या. कापसाचे चुकारे जमा झाले म्हणून पैसे काढावयास आलेले शेतकरी पासबुके हातात धरून ताटकळले. आणि मेहकरच्या शाखेतील प्रिंटर, ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर येईल ते छापणे एवढेच त्यास ठाऊक असल्यामुळे, स्कॅनरने केलेल्या विचारणेची निरर्थक अक्षरे पानामागून पान छापीत राहिला.

खरेदीखतात मौजे, गट क्रमांक आणि चतुःसीमा जशा स्पष्ट लिहितात, तसाच शिरस्ता लक्ष्याच्या रकान्यासही लावावा. परवानगीच्या पत्रात पहिला व शेवटचा पत्ता पूर्ण लिहून घ्यावा आणि एकूण संख्याही नमूद करावी, म्हणजे रुजुवात घेणे सोपे जाते. १९२.१६८.१०.५/२४ असे लिहिले, तर एका यंत्राची नव्हे, त्या संपूर्ण २५६ पत्त्यांची तपासणी होते. एकच यंत्र हवे असल्यास रेषेपुढचा भाग गाळावा. एनमॅपसारख्या साधनात लक्ष्यांची केवळ यादी काढण्याची सोय आहे, जीत त्या यंत्रांकडे एकही पॅकेट जात नाही. ती यादी दुसऱ्या माणसाने परवानगीशी ताडून पाहिल्यावाचून स्कॅन लावू नये. प्रिंटर आणि जुनी उपकरणे वगळण्याच्या यादीत आधीच घालावीत, व पहिली फेरी काउंटर बंद झाल्यावर थोड्याच पत्त्यांवर घ्यावी.

एक सूचना अधिक कळकळीने करावीशी वाटते. १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखलेल्या पत्त्यांत १७२ ने आरंभ होणाऱ्यांपैकी १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचाच पट्टा येतो. १७२ ने आरंभ होणारे सर्व पत्ते आपलेच, अशा समजुतीने १७२.३२ लिहिणारा स्कॅनर परक्यांच्या जाळ्यावर सोडतो. मालकाच्या अनुमतीवाचून संगणकजाळ्यात प्रवेश करणे वा त्यात व्यत्यय आणणे, यासाठी २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४३ व्या कलमात भरपाईची तरतूद आहे. तेव्हा परवानगीत नसलेला एकही पत्ता यादीत आढळला, तर वरिष्ठांचा कितीही तगादा असो, काम तेथेच थांबवावे आणि लेखी हुकूम मागावा.