नागार्जुनकोंडा बोटीच्या वेळेनं

नागार्जुनकोंड्याला गेलात की तो दिवस तुमचा नसतो, बोटीचा असतो. हे ध्यानात ठेवून निघालेल्या माणसाला तिथं खूप काही मिळतं. नाहीतर धरण दिसतं, पाणी दिसतं, बोटीत फोटो निघतात आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो तेच राहून जातं. आमच्याबरोबरच्या निम्म्या मंडळींचं तसंच झालं.

अकोल्यातल्या एका विहाराची ती सहल होती. बायका जास्त, पुरुष कमी, आणि साठी ओलांडलेले त्याहून जास्त. पूर्णा-नांदेड मार्गानं हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीत अमरावतीची मंडळी बडनेऱ्यालाच चढली होती आणि अकोला येईपर्यंत त्यांचे डबेही उघडून झाले होते. हैदराबादहून नागार्जुनसागर धरण 150 किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी ठरवून पहाटे निघालो, तरी धक्क्यावर पोचायला साडेनऊ झाले. तिकीटखिडकीवर कळलं की पुरेशी माणसं जमल्याशिवाय बोट सुटत नाही. आम्ही पुष्कळ होतो, पण त्यांच्या हिशेबाला पुरत नव्हतो. दुसरी एखादी बस येण्याची वाट बघत उन्हात बसलो. बोट हलली तेव्हा बारा वाजत आले होते. मंडळींत शुगरवाले दोघं-तिघं. त्यांचं खाणं गाडीत आणि गाडी दूर वाहनतळावर.

पाण्यावर पाऊण-एक तास गेला. नागार्जुनकोंड्याच्या बेटावर उतरताना बोटवाल्यानं बजावलं, तासाभरात परत या. धक्क्यापासून वरपर्यंत चढ आहे. पांढऱ्या साड्यांतल्या मावश्या, आक्का दमानं चढल्या. पिशवीतून मेणबत्त्या, अगरबत्त्या निघाल्या. पण हे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, आत ज्योत पेटवता येत नाही. पहारेकऱ्यानं हात जोडूनच सांगितलं, वाद झाला नाही. मग झाडाखाली बसून त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली, कुणीतरी सावकाश गाथा म्हणायला घेतल्या आणि भोंगा वाजला. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशीबाई अजून संग्रहालयाच्या दारातसुद्धा गेल्या नव्हत्या. "थे मूर्ती राह्यली न पाह्याची," त्या म्हणाल्या, "आमी येवढ्या दूर पाणी पाह्याले आलो काय बाप्पा?" परतीच्या बोटीत त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत.

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी वार विचारतो. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. आपल्याकडे सुट्टीचा मेळ शनिवार-रविवारी बसतो, त्यामुळे गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी तिथं धडकणारे निघतातच. दर्यापूरकडचं एक ओळखीचं कुटुंब असंच धरणाच्या भिंतीकडे पाहून परत आलं. शनिवार-रविवारी गर्दी असते, पण तिचा एक फायदा आहे, बोट लवकर भरते. मधल्या वारी गर्दी नसते आणि बोटही नसते. मला विचाराल तर गर्दी परवडली.

दुसरं म्हणजे मुक्काम. हैदराबादहून एका दिवसात जाऊन-येऊन होतं, असं सगळेच सांगतात. होतंही, पण तेव्हा पहिली बोट गाठता येत नाही. आदल्या रात्री नागार्जुनसागरला राहा आणि सकाळी खिडकी उघडताना पुढे उभे राहा. मग हातात दोन बोटींमधलं अंतर येतं. पहिल्या बोटीनं जाऊन नंतरच्या बोटीनं परत येता येईल का, हे तिकीट काढतानाच विचारा. चढताना विचारून उपयोग नसतो. धरणाच्या उत्तरेला तेलंगण, दक्षिणेला आंध्र. दोन्ही काठांना विजयपुरी म्हणतात, एक उत्तर, एक दक्षिण. बोट त्या दिवशी कुठल्या काठावरून चालू आहे, हे आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा, नाहीतर गाडी एका राज्यात आणि बोट दुसऱ्यात असं होतं. अमरावतीकरांना आणखी एक सांगून ठेवतो. कृष्णेकाठच्या स्तूपाचं अमरावती हे वेगळं गाव, इथून पुष्कळ पूर्वेला. मोबाइलच्या नकाशात नुसतं अमरावती टाकलं तर कुठली निघेल सांगता येत नाही. आणि दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात उरकण्याच्या फंदात पडू नका.

बेटावर उतरल्यावर वंदना आधी की संग्रहालय आधी? माझं मत स्पष्ट आहे, संग्रहालय आधी. गुडघे दुखणाऱ्यांना पहिल्यांदा पुढे काढा, तरण्यांनी मागून यावं. आत गेल्यावर प्रथम त्या खोऱ्याची छोटी प्रतिकृती शोधा. ती पाहिल्याशिवाय बाकीचं डोक्यात बसत नाही, कारण तुम्ही ज्याला बेट म्हणता ती मुळात डोंगराची माथ्याकडची बाजू आहे. खाली होतं ते इक्ष्वाकू राजांचं विजयपुरी, इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातलं नगर. 1926 मध्ये हे अवशेष अभ्यासकांच्या नजरेस आले, लाँगहर्स्ट यांनी 1927 ते 1931 या काळात खोदलं. मग धरण ठरलं. 10 डिसेंबर 1955 रोजी नेहरूंनी पायाभरणी केली, आणि त्याच्या आगेमागे, 1954 ते 1960, आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली सबंध खोरं घाईघाईनं उकरण्यात आलं. तीसहून जास्त बौद्ध वास्तू सापडल्या. त्यांतल्या काही उचलून डोंगरावर नेल्या, काही काठावर अनुपूला, उरलेल्या पाण्याखाली गेल्या. तुम्ही बोटीतून जाता ते पाणी या नगरावर उभं आहे.

हे मंडळींना आधी, गाडीतच सांगितलेलं बरं. त्या दगडांवरच्या देणगीदारांची गोष्टही सांगावी. इक्ष्वाकू राजे वैदिक यज्ञ करणारे, अश्वमेध करणारे. पण विहारांना, चैत्यांना दान देणाऱ्यांत राजघराण्यातल्या बायका पुढे. महाचैत्यासाठी खर्च करणारी चांतिसिरी ही राजा वीरपुरुषदत्ताची आत्या. आणि बोधिसिरी नावाच्या उपासिकेचा लेख तर ऐकायलाच हवा. तिनं सिंहलद्वीपाच्या भिक्खूंसाठी चैत्यगृह बांधलं. त्या लेखात ज्या देशांची नावं येतात त्यांत काश्मीर, गांधार, चीन आहेत, आणि अपरांतही आहे, म्हणजे आपलं कोकण. परतीच्या गाडीत हे सांगितल्यावर मावशीबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "बाईनं बांधलं? मंग आदीच काऊन नाही सांगतलं जी?" त्यांचं बरोबर होतं.

बोट चुकली, बंद असली किंवा वाऱ्यामुळे थांबवली, तर हताश होऊन हैदराबादचा रस्ता धरू नका. अनुपू काठावरच आहे, तिथं रस्त्यानं जाता येतं. पाण्यातून वाचवून आणलेला विहाराचा परिसर आणि पायऱ्यापायऱ्यांचं रंगमंडळ तिथं पुन्हा रचलेलं आहे. तिथं उभं राहून बोललं की वरच्या पायरीवर ऐकू येतं, लेकरांना भारी मजा वाटते. वंदना घ्यायलाही तिथं निवांत, घड्याळाकडे बघावं लागत नाही. तेलंगणाच्या बाजूला बुद्धवनम् हे 274 एकरांतलं मोठं उद्यान 2022 मध्ये खुलं झालं. तिथला स्तूप नवा आहे, जुनं शोधायला जाऊ नका, पण वयस्कर मंडळींना ते सोपं पडतं.

खाण्याचं सांगतो. आंध्रच्या जेवणात भात, सांबार, रसम आणि तिखट. तिखटाला वऱ्हाडी माणूस घाबरत नाही, पण भाकर-पोळीवाचून दोन दिवसांत त्याचा जीव कासावीस होतो. दशम्या, धपाटे, चटणी बरोबर घ्या, आणि ती पिशवी गाडीत न ठेवता बोटीत घ्या. गोळ्याही तशाच, खांद्यावरच्या पिशवीत. पाणी भरपूर.

आता बोटीची गोष्ट, जी बोलायला कुणाला आवडत नाही. 15 सप्टेंबर 2019 रोजी गोदावरीत पापीकोंडलूकडे निघालेली पर्यटकांची बोट कच्चुलुरूजवळ उलटली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. 14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव बुडाली आणि नात्यागोत्यातली 11 माणसं गेली. ती दशक्रियेसाठी जमली होती. दोन्ही घटना सप्टेंबरच्या मध्यावरच्या, नद्या भरलेल्या असतानाच्या. लोक नेमके याच दिवसांत नागार्जुनसागरला येतात, कारण धरणाचे 26 दरवाजे उघडलेले बघायचे असतात. दरवाजे बघायला खुशाल या, ते काठावरून दिसतात. बोटीसाठी मात्र दसरा-दिवाळीनंतरचे, थंडीचे दिवस धरा. लाइफ जॅकेट हातात देतात, लोक ते मांडीवर ठेवतात किंवा खाली घालून त्यावर बसतात. साडीवर ते चढवायला बायका लाजतात, तेव्हा घरातल्या कर्त्यानं आधी स्वतः घालून पट्टे आवळावेत, मग बाकीचे घालतात. फोटोसाठी सगळे एका अंगाला धावले की बोट कलते. "कायले धावता जी, बसा न" असं ओरडणारा एक माणूस प्रत्येक टोळीत असावा, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये. बोटीत माणसं जास्त दिसली तर उतरून पुढच्या बोटीला थांबावं.

आचार्य नागार्जुनांचं नाव या डोंगराला आहे. तिबेटी परंपरा त्यांना विदर्भातले मानते, आणि इकडे रामटेकजवळ मनसरला उत्खनन करणाऱ्या भदंत सुरेई ससाई यांनीही तोच धागा धरला होता. त्यामुळे ज्यांना हैदराबादचा प्रवास झेपणार नाही त्यांनी मनसर बघावं, नागपूरहून एका दिवसात होतं, बोट लागत नाही.

आणि भोन बघावं. बुलडाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 2002 नंतर तिथं खोदलं, तेव्हा विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या कितीतरी विहिरी मिळाल्या. स्तूप इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला असावा असं उत्खनन करणारे सांगतात, म्हणजे नागार्जुनकोंड्याहून कितीतरी जुना. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाच्या पाण्यात हे गाव जायचं आहे. नागार्जुनकोंड्यात धरणाआधी सगळं खोरं उकरलं आणि निवडून वर नेलं, तरी आपण तासाभराच्या बोटीनं उरलेलं शोधत फिरतो. भोनला तर उचलून ठेवायला डोंगरही नाही. अकोल्या-अमरावतीच्या विहारांनी पुढची सहल तिकडे न्यावी, असं मी जिथं-तिथं सांगतो. काहीजण विचारतात, तिथं बघायला काय आहे? पांढरीची जमीन आहे, खापरं आहेत, विटांचे तुकडे आहेत आणि नदी आहे. तुकडा एकही उचलू नका.

शेगावला उतरून गाडी करावी, गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्यावं, शेत तुडवू नये. पावसात काळ्या मातीत चाक रुततं, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतच जा. पिण्याचं पाणी घरून न्या, पूर्णाकाठचा तो खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही.