फी भरण्याआधी मराठीत एक ओळ टाइप करायला सांगा

बारावी झाली की ग्राफिक आणि वेब डिझाइनचा कोर्स करावा का, असं रत्नागिरीतली मुलं मला विचारतात. करा की. पण फी भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन शिकवणाऱ्या सरांना म्हणा, 'फोटोशॉपमध्ये "रत्नागिरीचा अस्सल हापूस" एवढं टाइप करून दाखवता?' 'गि'ची वेलांटी ग च्या मागे गेली, 'त्न' फुटून त चा पाय मोडका राहिला आणि सर म्हणाले, 'मराठीचं जरा असंच होतं,' तर आभार मानून जिना उतरा. टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय निवडला की हे दुरुस्त होतं. काम मिनिटाभराचं, पण ते माहीत असावं लागतं.

मी शिकले त्या क्लासच्या बोर्डावर शंभर टक्के नोकरीची हमी होती. अभ्यासक्रमात फ्लॅशही होतं. अडोबीने फ्लॅश प्लेयर २०२० च्या डिसेंबरअखेर बंद केला, त्यानंतरची ही गोष्ट. बाकी शिकवणं म्हणजे मेनू वरून खाली वाचून दाखवणं. सराव कसला, तर इंग्रजीतल्या 'समर सेल'च्या पोस्टरचा. संपूर्ण कोर्समध्ये देवनागरीचं एक अक्षर आलं नाही. आणि गावातलं काम बघा: लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, नाटकाच्या प्रयोगाचे बोर्ड, आंब्याच्या पेट्या. इंग्रजी असलंच तर फोन नंबरापुरतं.

खरं शिक्षण सुरू झालं ते ओळखीच्या प्रेसवाल्या काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसले तेव्हा. तिथे सगळा मजकूर श्रीलिपीत. त्यातले फॉन्ट जुन्या पद्धतीचे. आत साठवलेली असतात इंग्रजीच्या जागेवरची चिन्हं, वर दिसतं मराठी. प्रेसमध्ये चालून जातं. तोच मजकूर उचलून वेबसाइटवर टाका, की पानभर अगम्य चिन्हं उमटतात. वेबसाठी युनिकोडच हवं. 'मुक्त' किंवा 'बलू' हे 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट फुकट मिळतात, परवानाही खुला आहे. चोरीचे फॉन्ट आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं यांच्या भानगडीत पडू नका. इंकस्केप, गिंप या फुकट सॉफ्टवेअरांवरही हात बसतो.

काकांनी माझं पेटीचं पहिलं लेबल बघितलं आणि नुसतं 'छापून बघूया' म्हणाले. स्क्रीनवर रसरशीत केशरी दिसणारा आंबा कागदावर विटकरी उतरला. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई चार शायांनी. तो झगझगीत केशरी त्या शायांत बसतच नाही. म्हणून फाइल पहिल्यापासून सीएमवायकेत करा, कडेला तीन मिलिमीटर जादा सोडा, हातात धरायच्या छपाईला रिझोल्यूशन तीनशे ठेवा. लांबून बघायच्या फ्लेक्सला एवढं लागत नाही. तिथे तीनशेची फाइल नेलीत तर ती उघडेपर्यंत काकांचा चहा होतो.

पेटीवरून आठवलं. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचं चिन्ह लेबलवर टाकायला ग्राहक सांगतोच, तेव्हा त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का, ते विचारा आणि प्रमाणपत्र बघा. 'सगळेच टाकतात' हे उत्तर नव्हे.

वेबची गंमत निराळी. इंग्रजी शीर्षकांत अक्षरं सुटी करण्याची फॅशन आहे. तीच सीएसएसची ओळ मराठीला लावली की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी लिहा. ज्या फॉन्टात सोय आहे, तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही. हे कुठल्याही क्लासने शिकवलेलं मी ऐकलेलं नाही. शुद्धलेखनही आपल्याकडेच येतं, कारण ग्राहक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतो आणि छापून आल्यावर चूक डिझाइनरची असते. छपाईआधी प्रूफवर 'ओके' लेखी घ्या.

आणि डोमेन. एका बागायतदारांच्या वेबसाइटचं डोमेन आधी काम करणाऱ्या डिझाइनर मुलाने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. मुलगा पुण्याला गेला, नंबर बदलला, मुदत संपली आणि ऐन एप्रिलमध्ये साइट बंद पडली. नवीन नावाने सगळं पुन्हा उभं करावं लागलं. पेट्यांवर मात्र जुनाच पत्ता छापलेला. तेव्हापासून मी डोमेन ग्राहकाच्याच ईमेलवर घेते, पासवर्ड त्यांच्या समोर त्यांनाच टाकायला लावते आणि निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय फाइल उघडत नाही. सीझन संपल्यावर बागायतदाराकडे उरलेले पैसे मागायला जाऊन बघा, मग कळेल.