काठीची सावली आणि पृथ्वीचा परीघ

फ्रान्समधील प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात विज्ञान हा विषय होता. परंतु कित्येक वर्गांत तो प्रत्यक्षात शिकविला जात नसे. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही तर काय करावे, ही शिक्षकांची धास्ती हे त्याचे एक कारण होते. १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थविज्ञानवेत्ते जॉर्ज शार्पाक यांनी पिएर लेना व इव्ह केरे यांच्यासह, तेथील विज्ञान अकादमीच्या पाठिंब्याने, १९९६ मध्ये ‘ला में आ ला पात’ हा उपक्रम सुरू केला. कणीक मळावयाची तर हात पिठात घातलेच पाहिजेत, असा या नावाचा आशय आहे.

या पद्धतीत शिक्षक आरंभीच उत्तर सांगत नाहीत. मुले डोळ्यांसमोरील वस्तू निरखतात, तर्क करतात, प्रयोगाने तो पडताळतात आणि आपल्या शब्दांत प्रयोगवहीत लिहितात. शेवटी सर्व वर्गाने मान्य केलेला निष्कर्ष नोंदविला जातो. चुकलेला तर्कही वहीत राहतो. कारण आपला विचार कसा बदलला, हे मुलाला त्यावरूनच कळते.

पाठाचा नमुना

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस याने सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. त्याच रीतीने या उपक्रमातील शाळा परस्परांना मोजमापे कळवून परीघ काढतात. उदाहरणार्थ, डंकर्क व पेर्पिन्यां ही गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत.

१. विषुवदिनी दोन्ही गावी १ मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ उभी करावी.
२. मध्यान्हीची सावली मोजावी. ती डंकर्क येथे सुमारे १२३ व पेर्पिन्यां येथे सुमारे ९२ सेंटिमीटर भरते.
३. काठी व सावली यांचा त्रिकोण प्रमाणात काढून त्याच्या शिरोबिंदूपाशी असलेला कोन कोनमापकाने मोजावा. हे कोन अनुक्रमे सुमारे ५१ व ४२.७ अंश येतात, फरक ८.३ अंश.
४. दोन्ही गावांतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ९२५ किलोमीटर आहे. ८.३ अंशांस ९२५, तर ३६० अंशांस किती? त्रैराशिकाने उत्तर सुमारे ४०,१०० किलोमीटर येते. खरा ध्रुवीय परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे.

दक्षता

घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली, असे समजू नये. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली हीच मध्यान्हीची. काठी किंचित कलली तरी उत्तर चुकते. अशा वेळी शिक्षकांनी आकडा दुरुस्त करून देऊ नये. चूक कोठे झाली, हे मुलांनाच शोधू द्यावे.

या पाठास काठी, ओळंबा, दोरी व ऊन एवढेच साहित्य लागते. ‘मलाही ठाऊक नाही, चला, मोजून पाहू’ असे शिक्षकाने मोकळेपणाने म्हटल्याने त्याचा मान कमी होत नाही, उलट, खऱ्या विज्ञानशिक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.