गालातली सणक आणि नसेतलं इंजेक्शन

१. दाढ उपटून घेण्याआधी नसेचा विचार करा.
माझी कळ उजव्या नाकपुडीच्या बाजूला सुटायची आणि वरच्या दाढांपर्यंत जायची. काही सेकंदांचाच खेळ, पण त्यात जीव नकोसा व्हायचा. दात घासताना, तोंडावर पाणी मारताना, कधी नुसता पंख्याचा वारा लागला तरी. त्यापायी एक धडधाकट दाढ गेली आणि कळ होती तिथेच राहिली. दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या या नसेला तीन फांद्या असतात: एक डोळा आणि कपाळाकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. खालच्या दोन्ही फांद्या दातांनाही जातात, म्हणून दुखणं दाताचंच वाटतं. चेहऱ्याच्या एकाच बाजूला, हलक्या स्पर्शानं सुटणारी आणि क्षणात विरणारी कळ असेल, तर दाढेला हात लावू देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

२. गोळीचा मान पहिला.
कार्बामाझेपिन आपल्याकडे फिट्सचं औषध म्हणून माहीत आहे, पण १९६२ पासून ते या दुखण्यावरही दिलं जातंय आणि सुरुवातीला बहुतेकांना गुण येतो. मलाही आला. पुढे डोस वाढत गेला तशी गुंगी वाढली, चालताना तोल जायला लागला, रक्तातलं सोडियम उतरलं. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. गोळी सोसेना, किंवा कळ इतकी चढली की पाण्याचा घोटही जाईना, अशा वेळी इंजेक्शनाचा विषय निघतो.

३. एका बोटानं दाखवता आलं पाहिजे.
पेन क्लिनिकमधल्या भूलतज्ज्ञ डॉक्टर वयानं माझ्या लेकीएवढ्या. मी तळहात अख्ख्या गालावर फिरवत होते. त्या म्हणाल्या, "काकू, हात फिरवू नका. एका बोटानं दाखवा, कळ नेमकी कुठून सुटते?" घरी गेल्यावर आरशासमोर उभी राहून ती जागा शोधली. नथीचा आकडा टेकतो, त्याच्या किंचित बाहेर. भाचीच्या लग्नात नथ हातात घेऊन परत डबीत ठेवली होती, त्याचं कारण तेव्हा कळलं. कुठली फांदी दुखतेय यावर सुई कुठे जाणार हे ठरतं, म्हणून हे बोट फार मोलाचं आहे.

४. सुईची भीती कळेपुढे काहीच नाही.
डोळ्याखाली हाडाची कड लागते. तिच्यापासून साधारण एक सेंटीमीटर खाली एक बारीक छिद्र असतं, तिथून नसेची दुसरी फांदी गालात उतरते. डॉक्टरांनी अंगठ्यानं ती जागा चाचपली, "आता टोचेल हं," म्हणाल्या आणि भुलीचं औषध सोडलं, सोबत थोडं स्टेरॉइड. चरचर झाली, ताण बसला, मग गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ जड होत गेला. थोड्या वेळानं त्यांनी कापसाचा बोळा नाकपुडीजवळून फिरवला. एरवी एवढ्या स्पर्शानं मी कळवळले असते. काहीच झालं नाही. मला रडू आलं, आणि त्यांनी मला पुरतं रडू दिलं.
त्या बोळ्यानं निदानही पक्कं केलं: त्रास देणारी फांदी हीच.

५. आधी सांगायचं आणि नंतर जपायचं.
रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, भुलीच्या औषधाची कधी ॲलर्जी आली असेल, तर टोचण्याआधी सांगा. मधुमेह असेल तर स्टेरॉइडमुळे पुढचे काही दिवस साखर चढू शकते. गाल बधिर आहे तोवर गरम चहा नको आणि चावून खायचं नको, कारण ओठ दाताखाली आलेला कळतच नाही. डोळ्याखाली काळंनिळं झालं तर घाबरू नका, ते जातं.

६. उसंत किती मिळेल, हे कुणी लिहून देत नाही.
भुलीचा अंमल काही तासांचा. आराम मात्र कुणाला तेवढाच, कुणाला काही आठवडे, कुणाला त्याहून जास्त. मला आठवडे मिळाले. त्यात मी भाकरी चावून खाल्ली, उजव्या कुशीवर झोपले, आणि डॉक्टरांनी गोळीचा डोस हळूहळू उतरवला. कळ परतली तेव्हा घरातले म्हणाले, "फुकट गेलं इंजेक्शन." मला हे मान्य नाही. सलग झोप झालेलं माणूस वेगळा विचार करू शकतं.

७. उसंत असतानाच पुढचं ठरवा.
मेंदूपाशी एखादी रक्तवाहिनी नसेला टेकून तिला डिवचत असते, हे बऱ्याच जणांतलं मूळ कारण. ते एमआरआयमध्ये बघता येतं. कवटी उघडून ती वाहिनी नसेपासून अलग करायची शस्त्रक्रिया अमेरिकेतले पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकापासून रुळवली. मूळ कारणावरचा उपाय तोच, पण ऑपरेशन मोठं. दुसरी वाट गालातून सुई घालून नसेची गाठ उष्णतेनं, ग्लिसरॉलनं किंवा फुग्याच्या दाबानं दुबळी करण्याची. तिचा गुण पुष्कळदा वर्षांत मोजतात, पण चेहऱ्याचा काही भाग बधिर राहू शकतो, आणि कळ परतूही शकते.
इथे इंजेक्शनाचा एक उपयोग होतो, जो आधी कुणी सांगत नाही. बधिर गाल घेऊन जगणं कसं असतं, ते काही तास अनुभवता येतं. मी त्या अवस्थेत फोनवर बोलले, कुंकू लावलं, नातवाला गालाचा पापा घेऊ दिला. स्पर्श कळला नाही याचं वाईट वाटलं, पण कळेपेक्षा ते सोसवेल असं मनानं घेतलं. क्लिनिकमध्ये माझ्यासोबत बाकावर बसणाऱ्या एका बाईंना तो जडपणा अजिबात सहन झाला नाही, त्यांनी ऑपरेशनची वाट धरली. मी गाठीवरच्या सुईसाठी नाव नोंदवलंय.