साखरेचा आकडा आणि मनाचे धैर्य

सज्जनहो, देह हे साधनेचे पहिले उपकरण होय. वीणेची तार उतरली तर ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते. रागाने वीणा खुंटीला टांगली तर भजन कसे व्हायचे? आजच्या पाठात मधुमेहाचा, आणि त्याहून अधिक त्या रोगाने मन खचते त्याचा, विचार करू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर सांगितली आहे. तेव्हा हा पाठ परक्यासाठी नाही.

चाकूरच्या सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एक शेतकरी माऊली जवळ आले. हातात तपासणीचा कागद. म्हणाले, "महाराज, तीन महिने गोड तोंडाला लावलं नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी शुगर वाढलीच. मग गोळ्या तरी कशाला गिळायच्या?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. कारण वर्षापूर्वी हाच प्रश्न माझा होता. मी बारा वर्षांचा मधुमेही. चातुर्मास संपल्यावर रक्त दिले, तर तीन महिन्यांची सरासरी ८.४ टक्के निघाली. डॉक्टरांनी मला ७ च्या आत सांगितली होती. कागद पोथीच्या बासनात गुंडाळला, घरी "ठीक आहे" म्हणालो, आणि आठ दिवस गोळीला हात लावला नाही. लोकांना संयम सांगणाऱ्या मला माझ्याच रक्ताने खोटे ठरवले, असे वाटले. बासन सोडताना कागद मंडळींच्या हाती लागला. त्या एवढेच म्हणाल्या, "पोथीत ठेवून आकडा उतरतो होय?"

आता आकडा म्हणजे काय ते पाहू. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातील साखर तिच्यातील हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणून एचबीए-वन-सी नावाची तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. बोट टोचून पाहिलेली साखर मात्र त्या घटकेची. आज विहिरीत पाणी किती आणि पावसाळाभर पाऊस किती, हे जसे दोन निराळे प्रश्न, तसेच हे. एका सकाळच्या आकड्यावरून तीन महिने वाया गेले म्हणू नये. अंगात रक्त कमी असेल तर सरासरीही फसवू शकते. कागद हा साक्षी आहे. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. निवाडा त्याच्याकडे मागू नये.

शंका : पथ्य पाळूनही आकडा का वाढतो?

समाधान : साखर केवळ साखरेत नसते. भाकरी, भात, बटाटा यांचीही पोटात साखरच होते. एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या शेतकरी माऊलींनी गोड सोडले, पण भूक भागेना म्हणून रात्रीची भाकरी एकाची दोन झाली होती. ताप, पिकलेली जखम, जागरण, घरातली काळजी यांनीही साखर चढते. पहाटे यकृत आपण होऊन रक्तात साखर सोडते, म्हणून रात्री थोडके जेवूनही सकाळचा आकडा मोठा येतो. गुळाचा हात न धुता बोट टोचले तर यंत्र त्या गुळाचीच साखर मोजील!

शंका : सर्व नीट करूनही वाढली तर दोष कोणाचा?

समाधान : दोष शोधण्याची घाई नको. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक आईबापांकडून बीजातून आलेला, दुसरा अपथ्याने जडलेला. सगळा भार रोग्याच्या जिभेवर टाकावा, असे आपल्या शास्त्रकारांनाही वाटले नाही. इंग्लंडात मधुमेहाच्या पाच हजारांहून अधिक नव्या रोग्यांवर वीस वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९८ साली आले. कडक उपचार घेणाऱ्यांचाही आकडा वर्षे जाता हळूहळू चढत गेला, कारण इन्सुलिन करणाऱ्या पेशीच थकत जातात. म्हणून औषध वाढवावे लागणे हा अपराध नव्हे. तरीही ज्यांनी साखर आवरून धरली त्यांच्या डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची हानी कमी झाली. २००८ साली पुन्हा पाहिले तेव्हा दोन्ही गटांचे आकडे सारखे झालेले होते, पण आधीच्या संयमाचा लाभ टिकून होता. केलेले वाया गेले नाही.

शंका : गोळ्या सोडून झाडपाला घेतला तर?

समाधान : आपल्या तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे, आणि मी स्वतः आयुर्वेदाचा अभिमानी आहे. पण निराशेच्या भरात कोणी दिलेली मुळी खाऊन गोळी बंद करणे हा आयुर्वेद नव्हे. सुश्रुताने निर्धन रोग्याला काय सांगितले? मुनीसारखे राहून शंभर योजने पायी चालावे! वारकऱ्याला हे औषध परके नाही. फक्त तो अनवाणी चालायला सांगतो, ते आज मधुमेह्याने करू नये. पायाची संवेदना गेली तर काटा कळत नाही आणि जखम चिघळते.

येथे एक दृष्टांत. कॅनडातील टोरोंटो शहरात लेनर्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मधुमेहाने मरणाला टेकला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले. साखर थोडीच उतरली, उलट टोचल्या जागी गळू झाले. शास्त्रज्ञांनी औषध फेकले नाही. कोलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून पुन्हा दिला. साखर उतरली, मुलगा उठून बसला. निराश करणारा तो पहिला आकडाच अर्क कोठे अशुद्ध आहे हे सांगून गेला.

तेव्हा आपण काय करावे? पहिले, कागद लपवू नये. घरी आणि डॉक्टरांना दाखवावा. दुसरे, आठ दिवस वही ठेवावी. काय खाल्ले, केव्हा, किती. झोप किती, चालणे किती. गोळी कोणती चुकली. तिसरे, सापडेल ते एकेक बदलावे आणि ठरल्या मुदतीने पुन्हा तपासावे. स्थूणानिखनन न्याय तो हाच. खांब रोवावा, हलवून पाहावा, पुन्हा ठोकावा. चौथे, आपल्या मनाने गोळी सोडू नये, आणि घाबरून दुप्पटही घेऊ नये. उपवासाच्या दिवशीच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

माझ्या वहीत काय सापडले? कीर्तनानंतर मध्यरात्रीचे जेवण, आणि गळा ओला राहावा म्हणून गालात धरलेली खडीसाखर! वर्षानुवर्षे मी तिला कधी गोड म्हणून मोजलेच नव्हते. पुढची सरासरी ७.६ आली. अजून मजल बाकी आहे, पण वाट सापडली.

खडीसाखरेची पुडी आजही माझ्या खिशात असते. मात्र आता ती साखर एकाएकी उतरून घाम फुटला, हात कापू लागले, तर त्या वेळेचे औषध म्हणून. एरव्ही गळ्याला कोमट पाणी पुरते. इति शम्.