बर्फात टिकणारा निवडुंग लिंबायतच्या पावसात टिकेल का?

प्रश्न : आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले, आता राहायला लिंबायतला. गावाकडे बांधावरचा निवडुंग कुणी थेंबभर पाणी न घालता वर्षानुवर्षं उभा आहे. इथं गच्चीवर मात्र नर्सरीतून हौसेनं आणलेले कॅक्टस श्रावण लागला की बुडाशी मऊ पडतात आणि आडवे होतात. मोबाइलवर अमेरिकेतले बर्फाखाली गाडलेले कॅक्टस पाहिले. तसल्या काटक जाती आणल्या तर त्या इथला पाऊस सोसतील का? शिवाय लाल टोपीवाला कॅक्टस फार दिवस का जगत नाही? आणि घरच्या ब्रह्मकमळाला पावसानं काहीच कसं होत नाही?
– एक वाचक, लिंबायत, सुरत

उत्तर : बर्फ सोसतो म्हणून पाऊसही सोसेल, असा हिशेब इथं लागू पडत नाही.

ओपन्शिया ह्युमिफ्युजा हा अमेरिकेतल्या बर्फाळ भागातला फड्या निवडुंग घ्या. हिवाळा जवळ आला की तो पाणी ओढणं कमी करतो, अंगातलं पाणी घटवतो, सुरकुततो आणि जमिनीवर लोळण घेतो. पेशींतला रस दाट होतो, साखर वाढते, त्यामुळे आत बर्फ होऊन पेशी फुटत नाहीत. म्हणजे कोरडं पडणं हीच त्याची थंडीची तयारी. वर साचलेला भुसभुशीत बर्फ वितळत नाही तोवर झाडाच्या लेखी ते पाणीच नव्हे. इंग्लंडसारख्या ओल्या हिवाळ्याच्या देशातले हौशी लोकही या जाती उघड्यावर लावताना थंडीपेक्षा ओलीला जास्त भितात. उंच वाफा करतात, त्यात खडी भरतात आणि हिवाळाभर वर काच धरतात. त्यांची ही युक्ती आपण जरूर उचलावी, त्यांची झाडं मात्र तिकडेच राहू द्यावीत. या काटक जातींपैकी बऱ्याच जणींना विश्रांतीसाठी कडक हिवाळा लागतो, आणि सुरतेत जानेवारीतल्या रात्रीसुद्धा पारा साधारण 15 अंशांच्या आसपास असतो.

आता तुमच्या गच्चीकडे वळू. अमळनेर-धुळे पट्ट्यात वर्षाकाठी 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सुरतेत त्याच्या जवळपास दुप्पट. तरी सगळा दोष पावसाच्या आकड्यावर ढकलता येत नाही. सह्याद्रीत याहून कितीतरी जास्त पाऊस झेलत काटेरी निवडुंग कड्याकपारीत उभे असतात. कातळावर पाणी थांबत नाही, मुळांना वारा लागतो, म्हणून त्यांचं निभावतं.

कुंडीत नेमकं काय बिघडतं, ते पाहा. कॅक्टस दिवसा आपली रंध्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो. जुलै-ऑगस्टमध्ये सुरतेची रात्र उबदार आणि दमट असते, दिवसाही आभाळ भरलेलं असतं. अशा हवेत झाडातून पाणी बाहेर जात नाही, म्हणून मातीतून ओढलंही जात नाही. कुंडी आठवडेच्या आठवडे ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीला रान मोकळं सापडतं. त्यात नर्सरीतले बहुतेक कॅक्टस कोकोपीटात लावलेले असतात. नर्सरीवाल्याच्या छपराखाली ते चालून जातं, उघड्या गच्चीवर तेच कोकोपीट पाणी धरून बसतं. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि आत बूड कुजलेलं असतं. तुम्हाला कळतं तोवर उशीर झालेला असतो.

बांधावरच्या निवडुंगाचीही एकदा ओळख पटवून घ्या. टाचणीनं बारीक टोचून पाहा. पांढरा चीक आला तर तो कॅक्टस नाही. तो युफोर्बियाच्या कुळातला, त्रिधारी निवडुंगाचा भाऊबंद. हा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार आग होते. पंजासारखी चपटी पानं असलेला फड्या निवडुंग, ज्याला तुमचे गुजराती शेजारी हाथलो थोर म्हणतात, तो मात्र खरा कॅक्टस आणि मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांच्या काळात त्यावर किरमिजी रंग देणारे किडे पाळायचे बेत झाले. 1795 मध्ये तसला एक किडा भारतात आणला गेला. त्यानं रंग फारसा दिला नाही, पण निवडुंगच फस्त केला. पुढे दुसरी एक जात रानोमाळ माजली, तेव्हा 1926 मध्ये श्रीलंकेतून मुद्दाम वेगळा किडा आणून सोडावा लागला. इतकं चिवट झाड तुमच्या गच्चीवर सहज जगेल. गावाहून येताना त्याचं एक पान घेऊन या.

बाकीच्या झाडांसाठी पुढची व्यवस्था करा.

जागा : मिठी खाडी फुगली की सखल गल्ल्यांत काय होतं, ते लिंबायतकरांना सांगायला नको. त्यामुळे अंगणात लावण्याचा विचार सोडा, गच्चीच बरी. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो. म्हणून पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला कुंड्या मांडा; सकाळचं ऊन मिळेल आणि झड अडेल. वर पारदर्शक फायबरचा पत्रा उतरता बसवा, बाजू मोकळ्या ठेवा. हिरवी नेट पाऊस अडवत नाही, उलट ऊन तेवढं अडवते. कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे गच्चीवर साचलेलं पाणी खालच्या भोकातून वर चढणार नाही.

माती : कुंडी भाजलेल्या मातीची, भोक मोठं. तीन भाग जाडी रेती, बारीक खडी आणि विटांचे तुकडे, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत. रेती धुऊन घ्या. बॉयलरची बारीक राख फुकट मिळाली तरी घालू नका, ती भिजली की घट्ट बसते. कुंडीत तांब्याभर पाणी ओतून पाहा. पाणी वर न थांबता लगेच खालून वाहायला लागलं, तर मिश्रण जमलं.

वेळापत्रक : पुस्तकं सांगतात की कॅक्टसला हिवाळ्यात कोरडं ठेवा. हा सल्ला जिथं हिवाळा कडक असतो तिथला. सुरतेत झाडाचा विश्रांतीचा काळ म्हणजे पावसाळा. कुंड्या मे महिन्यातच बदला. आसपास लूम असतील तर काट्यांत अडकलेला तंतू मऊ ब्रशनं काढा, तो ओल धरतो. पहिल्या पावसापासून सप्टेंबरअखेरपर्यंत छपराखालच्या झाडांना पाणी जवळजवळ बंद. थोडी आकसली तर आकसू द्या. पाऊस गेला की पाणी सुरू करा. ऑक्टोबर ते मार्च हा आपल्याकडे वाढीचा खरा हंगाम. मात्र छपराखालून काढून ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवलंत तर अंगावर पांढुरके चट्टे पडतील. दोन आठवडे हळूहळू ऊन दाखवा.

एखादं झाड बुडाशी कुजलंच, तर धारदार, स्वच्छ सुरीनं वरचा भाग कापा. कापाच्या मधोमध तपकिरी ठिपका किंवा वलय दिसलं तर सुरी पुसून आणखी वर कापा, अगदी स्वच्छ गर लागेपर्यंत. मग तो तुकडा सावलीत, हवेशीर जागी खपली धरेपर्यंत राहू द्या आणि कोरड्या रेतीवर टेकवून ठेवा. मुळं फुटेपर्यंत पाण्याची घाई नको.

लाल टोपीवाला कॅक्टस म्हणजे खरं तर दोन झाडं. वरच्या लाल किंवा पिवळ्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. म्हणून त्याचं कलम हिरव्या खुंटावर बांधतात, आणि हा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचा असतो. तेच फळ, ज्याला गुजरात सरकारनं 2021 मध्ये कमलम नाव दिलं. खुंट आणि टोपी यांची वाढ जुळत नाही, सांध्यात पाणी साचलं की कूज धरते. काही वर्षं जगलं तरी पुष्कळ, असं धरूनच ते विकत घ्या. टोपी गेली आणि खुंट ठणठणीत असला तर तो मोठ्या कुंडीत, खांबाच्या आधारानं वाढवा. वेल चांगली पसरेल.

तुमच्या घरचं ब्रह्मकमळ हाही कॅक्टसच, एपिफायलम. हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी त्याचं नातं नावापुरतं. हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतलं, तिथं ते झाडांच्या फांद्यांवर वाढतं. पावसाची सवय त्याला उपजतच आहे, आणि फांदीवर पाणी साचत नाही हेही खरंच. कॅक्टस म्हणजे वाळवंट ही आपली समजूत अर्धीच बरोबर आहे.

तेव्हा पहिल्या वर्षी फड्या निवडुंग, सीरिअस, ड्रॅगन फ्रूट आणि ब्रह्मकमळ एवढ्यांवर हात बसवा; सैल मातीत ही उघड्यावरही निभावून नेतात. पांढऱ्या लोकरीचे मॅमिलेरिया आणि म्हातारबुवासारखे केसाळ कॅक्टस पत्रा बसवल्यानंतरच घ्या. आणि खरेदी ऑक्टोबरात करा. जूनमध्ये आणलेलं झाड घराची ओळख होण्याआधीच पावसात सापडतं.