गॅस कमी नव्हता

"मॅडम, गॅस कमी आहे." गेल्या उन्हाळ्यात हे वाक्य मी तीनदा ऐकलं आणि त्यातल्या दोन वेळा त्याचे पैसेही मोजले. गॅस कमी नव्हता. कमी होती ती हवा. पण हवेला ना गेज, ना सिलिंडर, ना बिल. त्यामुळे तिच्याकडे बघायची एसीवाल्याला गरज वाटली नाही आणि मला अक्कल नव्हती.

नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे, ७२ टेबलांची. अभ्यासिका म्हणजे काय ते पुण्यात कुणाला समजावायला नको. गेल्या वर्षी शेजारचा गाळा घेऊन जागा वाढवली, तेव्हा भिंतीवरच्या स्प्लिटऐवजी डक्टेबल एसी घ्यायचं ठरलं. साडेपाच टनांची दोन मशीनं फॉल्स सीलिंगच्या पोटात टांगायची आणि चौकोनी ग्रिलमधून गार हवा खाली सोडायची. इंटिरियरवाल्याला 'क्लीन लूक' हवा होता आणि एसीवाला त्याचाच माणूस होता. मशीन आत जाणारी हवा कुठून ओढणार, हा प्रश्न त्या दोघांनी एकमेकांना विचारला नाही. मीही विचारला नाही, कारण असा काही प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

एप्रिलमध्ये पहिल्या दोन रांगांतली मुलं स्वेटर घालून बसायला लागली. शेवटच्या रांगेतली मुलं प्रश्नपत्रिकेने वारा घेत होती. छतातून दिवसभर शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. दुपारी तीनच्या सुमारास शिट्टी मंदावायची, वारा जवळजवळ थांबायचा आणि संध्याकाळी मशीन बंद केलं की छतातून टपटप पाणी. एका मुलीच्या राज्यघटनेच्या नोट्स त्या पाण्यात गेल्या. तिने मला ऐकवलं नाही, फक्त पाहिलं. ते जास्त लागलं.

एसीवाला आला. बाहेरच्या युनिटला गेज लावला, काटा पाहिला आणि म्हणाला, "सक्शन डाउन आहे. गॅस मारावा लागेल." साडेसहा हजार. चार दिवस बरं वाटलं. (त्या चार दिवसांत दोनदा वळवाचा पाऊस झाला होता, हे मला नंतर आठवलं.) दुसऱ्यांदा परत तेच, परत साडेसहा हजार. मी विचारलं, "अहो, गॅस जातोय कुठे?" त्याचं उत्तर होतं, "लागतो, मॅडम. नवीन मशीन आहे." जणू मोटारसायकलचं पेट्रोल! मग कारणांची रांग लागली. दार सारखं उघडतं. ७२ मुलं, ७२ लॅपटॉप. वर स्लॅब तापते. पेठेत व्होल्टेज नाही. यातली एकही गोष्ट नवी नव्हती. मशीनं घेताना मीच या सगळ्या त्याला सांगितल्या होत्या आणि तेव्हा उत्तर होतं, "टेन्शनच घेऊ नका."

मे महिन्यात एका मशीनचा कॉम्प्रेसर बसला. गॅरंटीत बदलून मिळाला, पण आठ दिवस गेले आणि तेवढ्यात अकरा मुलं दुसऱ्या अभ्यासिकेत गेली. तिसऱ्यांदा त्याने पुन्हा गॅस मारला आणि वर तिसऱ्या मशीनचं कोटेशन टेबलावर ठेवलं. मी आकडे विचारायला लागले तर म्हणतो, "हे टेक्निकल आहे, मॅडम. मी सरांशी बोलतो." सर म्हणजे माझा नवरा. तो बँकेत आहे. त्याला फ्यूज बदलता येत नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी छतातून पाणी गळायला लागलं म्हणून एक मुलगा शिडीवर चढला आणि शेवटच्या रांगेवरचं ट्रॅप डोअर त्याने उघडलं. शिट्टी बंद झाली. एकदम, कुणी तोंडावर हात ठेवावा तशी. पुढच्याच क्षणी मधल्या रांगेतले कागद हलायला लागले, आणि शेवटच्या रांगेतल्या ग्रिलखाली मी हात धरला तर महिनाभरात पहिल्यांदा हाताला वारा लागला. मुलाने दार लावलं. शिट्टी सुरू, वारा गेला. मी म्हटलं, पुन्हा उघड. पुन्हा तेच. आम्ही पाच-सहा वेळा उघडझाप केली असेल. अख्खी अभ्यासिका वर बघत होती.

मशीन तेच, गॅस तोच, व्होल्टेज पेठेतलंच. फक्त दोन फुटांचं एक दार उघडं. त्या क्षणी मला हसू आलं नाही, तेरा हजार रुपये आठवले.

एका मुलाचे वडील त्या दिवसांत सोलापूरहून आले होते. कापड गिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांटवर आयुष्य गेलेला माणूस. सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा दमट ठेवावी लागते, त्यासाठी मोठे पंखे आणि लांबलचक डक्ट असतात. मुलाने त्यांना ट्रॅप डोअरची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "ताई, गवंड्याची लेव्हलची नळी मिळंल काय ओ? आणि थोडं कुंकू."

पारदर्शक नळी आली. काकांनी तिचा यू आकार करून पट्टीला दोऱ्याने बांधला आणि आत कुंकवाचं पाणी भरलं. एक टोक छताच्या पोकळीत, मशीन जिथून हवा ओढतं तिथे ठेवलं. दुसरं टोक मशीनमधून निघणाऱ्या डक्टला, पहिल्या बेंडच्या अलीकडे भोक पाडून आत घातलं. मशीन चालू केलं. लाल पाणी एका बाजूला खाली गेलं, दुसऱ्या बाजूला वर चढलं. दोन पातळ्यांतलं अंतर १४ मिलिमीटर. मग डक्टमधलं टोक काढून खोलीत मोकळं सोडलं. आता फक्त ओढायच्या बाजूचं मोजमाप होतं, ते ९ भरलं. म्हणजे ढकलायच्या बाजूचं ५.

मी मशीनचं माहितीपत्रक काढलं. त्यात स्पष्ट छापलं होतं: एक्स्टर्नल स्टॅटिक प्रेशर, ८ मिलिमीटर वॉटर कॉलम. ते पत्रक वर्षभर माझ्याच कपाटात होतं.

आता हे स्टॅटिक प्रेशर काय, ते मला समजलं तसं सांगते. पंखा हवा ओढतो आणि ढकलतो. वाटेत जाळी, फिल्टर, डक्टची वळणं, ग्रिल असं जे जे आडवं येतं, त्या सगळ्याला पार करायला जो दाब खर्ची पडतो, तो हा. मशीन बनवणारा सांगतो की बाहेरची अडचण ८ मिलिमीटरपर्यंत असेल तर माझा पंखा पुरेशी हवा देईल. अडचण १४ झाली तर पंखा फिरतो तसाच, हवा मात्र कमी जाते. 'प्रेशर जास्त म्हणजे वारा जास्त' असा आपला समज असतो, माझाही होता. रक्तदाब वाढला म्हणून कुणी पेढे वाटत नाही, तसंच हे. आणि हिशोब सरळ नाही, वर्गाचा आहे. त्याच डक्टमधून दुप्पट हवा न्यायची तर दाब चौपट लागतो. म्हणून 'पंख्याचा स्पीड वाढवून देतो' म्हणणाऱ्याला आधी वाट किती मोकळी आहे ते विचारा. आमच्याकडे स्पीड वाढवल्यावर शिट्टी तेवढी वाढली होती.

हवा कमी गेली की पुढचं रामायण आपोआप घडतं. कॉइलवरून पुरेशी उबदार हवा जात नाही, कॉइल शून्याखाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो, बर्फाने उरलीसुरली वाट बंद होते आणि मशीन थांबलं की तो वितळून नोट्सवर पडतो. अशा वेळी बाहेरच्या गेजवर सक्शन प्रेशर कमीच दिसतं, गॅस कमी असताना दिसतं तसंच. गेज खोटं बोलत नव्हतं, वाचणारा अर्धवट वाचत होता. वर जादा गॅस भरल्यावर तो द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परततो. कॉम्प्रेसर त्यानेच गेला असं काकांचं मत. एसीवाल्याच्या मते व्होल्टेज.

हवा कमी आहे की गॅस, हे ओळखायला शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर पुरतो. मशीन ओढतं त्या हवेचं तापमान घ्या, मशीनजवळच्या ग्रिलमधून येणाऱ्या हवेचं घ्या. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असावा, दमट हवेत थोडा कमी. फरक खूप मोठा आणि वारा लुळा असेल तर अडचण हवेची. वारा जोरदार आणि फरक तुटपुंजा असेल तर खुशाल गॅस तपासायला सांगा. आमचा फरक १७ होता. मात्र कॉइलवर बर्फ असताना घेतलेल्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. आधी नुसता पंखा चालवून तो पूर्ण वितळू द्या. आणि गॅस खरोखरच कमी निघाला तर आधी गळती शोधायला लावा. बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नसतो.

आमची चूक होती रिटर्नची, म्हणजे हवा मशीनकडे परतायच्या वाटेची. क्लीन लूकसाठी इंटिरियरवाल्याने भिंतीलगत प्रत्येक मशीनसाठी सहा फूट लांब, चार इंच रुंद फट ठेवली होती. म्हणजे दोन चौरस फूट, त्यातही पट्ट्यांनी तिसरा हिस्सा खाल्लेला. आता हिशोब बघा. एका टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. रिटर्नच्या जाळीतून ती मिनिटाला ४०० फुटांच्या आसपास वेगाने आली तर आवाज होत नाही. म्हणजे टनाला एक चौरस फूट मोकळी जागा. साडेपाच टनांना साडेपाच. आम्हाला दिली होती सव्वा-दीड. हा हिशोब सातवीतलं पोर करेल, पण लाखांची बिलं लावणाऱ्या दोन माणसांनी केला नाही.

आता माझंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईचं सगळं बरोबर. शेजारी इमारतीचं काम चालू होतं, धूळ यायची, म्हणून त्या फटीवर मी मलमलचं कापड लावलं होतं. तेही अडचणीत भर घालतच होतं. पण कापड काढल्यावर नळीतला फरक जेमतेम दोन मिलिमीटरने उतरला. कापड नव्हतं तेव्हाही मशीन गुदमरतच होतं, हे नोंदवून ठेवते. आणि पुढच्या रांगेतल्या मुलांनी थंडी वाजते म्हणून ग्रिलला पुठ्ठे चिकटवले होते. एक ग्रिल बंद केलं की ती हवा मागे जाते असं त्यांना वाटत होतं. थोडी जातेही, पण एकूण दाब वाढून एकूण हवा कमी होते.

हॉलच्या मागच्या बाजूला छत कापून दोन फूट बाय दीड फुटांच्या चार जाळ्या बसवल्या, प्रत्येक मशीनला दोन. मुद्दाम मागे, म्हणजे गार हवेला अख्खा हॉल ओलांडूनच मशीनकडे परतावं लागतं. खर्च अकरा हजार. ओढायच्या बाजूचे ९ मिलिमीटर २ वर आले. पण ढकलायच्या बाजूचे ५ चे ७ झाले आणि मी हादरले. काका म्हणाले, "असंच व्हायला पाहिजे की ओ. आता वारं जास्त जातंय." मग छतात डोकं घालून फ्लेक्सिबल डक्ट पाहिले. जादा लांबी न कापता तशीच कोंबलेली, दोन हँगरच्या मध्ये पाळण्यासारखा झोळ, एका ठिकाणी ट्यूबलाइटच्या पत्र्याखाली चेपलेला. ते ताणून, कापून, सरळ केले. फुटाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको. दोन्ही बाजू मिळून शेवटचा आकडा ७. शेवटच्या रांगेत आता दुपारी २६ अंश असतात.

तुम्ही क्लिनिक, क्लास, हॉटेल, काहीही करत असा, डक्टेबल घेणार असाल तर कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्या: किती हवा, रिटर्नची मोकळी जागा किती चौरस फूट, आणि काम झाल्यावर स्टॅटिक प्रेशर मोजून देणार का. तिसरी ओळ वाचून जो हसतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. सगळे पैसे आधी देऊ नका, हे आपण सगळेच जाणतो आणि तरी देतो. फिल्टर वेळेवर धुवा. छत बंद व्हायच्या आधी सगळ्या डक्टचे फोटो काढा. मी काढले नाहीत म्हणून शेवटी छतात डोकं घालावं लागलं. नळीने स्वतः मोजायचं असेल तर तिचं टोक वाऱ्याच्या तोंडावर धरू नका, आडवं ठेवा, नाहीतर वाऱ्याचा धक्काही आकड्यात मिसळतो. आणि भोक नंतर ॲल्युमिनियम टेपने बुजवा.

सगळं झाल्यावर मी आकडे लिहून एसीवाल्याला पाठवले. उत्तर आलं: "गुड मॅडम. रिटर्न हा इंटिरियरचा विषय आहे." इंटिरियरवाल्याने लिहिलं, "एसीचं तोच बघतो."

कुंकवाच्या पाण्याची नळी स्विचबोर्डाशेजारी खिळ्याला टांगली आहे, दर महिन्याला मोजते. तिसऱ्या वेळच्या गॅसचं बिल अजून येत असतं. मी ते दिलेलं नाही आणि देणार नाही.